टाकीत किती होतं

अप्पा, यंदा माझा अंदाज चुकला आणि त्यापायी एका माणसाची गाडी गेली. तुम्हाला लिहिते आहे कारण ही कोणत्या जातीची चूक आहे ते तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी मोटार शर्यतीच्या एका संघासाठी आकडे वाचते. हंगाम सुरू होण्याआधी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दोन दिवस चाचणी असते. गाड्या फिरतात, दर फेरीची वेळ नोंदली जाते, आणि त्यावरून मी सांगायचं असतं की यंदा आपला संघ कितवा येईल. तेवढे दोन दिवस सोडले तर मी कुंभकोणमला याच घरात, मागच्या खोलीत बसून काम करते. चाचणीतली वेळ फसवी असते. टाकीत पेट्रोल कमी असलं की गाडी हलकी होते आणि भराभर फिरते. शर्यतीत मात्र टाकी भरूनच निघावं लागतं. कोणी किती भरलं होतं ते कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तुमच्या बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इंजिन उघडून परत बसवलेली बस तुम्ही कधी रिकामी तपासली नाही. सीटांवर भाताची पोती ठेवायची, पापनाशमपर्यंत न्यायची, परत आणायची, मगच फोरमन म्हणून सही करायची. मी दहा वर्षांची आहे, पुढच्या पोत्यावर बसले आहे, भाताचं कूस मांड्यांना टोचतं आहे आणि तुमचं घड्याळ माझ्या हातात आहे. ड्रायव्हर मागे वळून म्हणतो, "सार, पोत्यांची तिकिटं फाडायची का? दोन तर उभ्यानंच चाललीत." तुम्ही हसत नाही, इंजिन ऐकता आहात. त्या दिवशी घरी आल्यावर मी वहीत लिहिलं की काल तिरुभुवनमहून आलेली बस आजच्या बसपेक्षा चांगली, कारण मैलामागे तिला कमी वेळ लागला. स्वयंपाकघरात तुम्ही जमिनीवर बसून कॉफी गार करत होता. वही वाचलीत.

"कालच्या बसीत कोण होतं?"

"कोणी नव्हतं. ती धुवायला आणली होती."

"आणि आजच्या?"

"भात."

"मग हे कोणाला पुसून लिहिलंस?"

आई म्हणाली, लहान आहे ती, राहू द्या. तुम्ही म्हणालात, "लहान आहे म्हणूनच. उद्या हिच्या लिहिण्यावर कोणी बसीत बसंल." आणि वही माझ्यासमोर ठेवून उठून गेलात. मी रडले. तुम्ही परत आला नाहीत.

आमच्या संघाच्या गाड्या दोन. यंदा दोन्हींना पुरतील इतके मेकॅनिक नव्हते. चाचणीनंतर एकच गाडी उतरवायची असं मालकांनी ठरवलं होतं, आणि कोणती ते माझ्या अहवालावर. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर तरुण आहे, तिसऱ्याच हंगामात. दुसऱ्या गाडीचा तिरुचीचा, चौतीस वर्षांचा. या खेळात चौतिसाव्या वर्षी एकदा बाहेर बसलेल्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हेल्मेट काढून माझ्या टेबलाशी आला. मान घामानं भिजलेली. "अक्का," तो तमिळमध्ये म्हणाला, "आज मी गाडी नाही, पाण्याचा टँकर चालवतोय. तुमच्या पडद्यावर फार वाईट दिसत असेन." मी म्हटलं, "दिसतोयस." तो हसला. मीही हसले. पेट्रोलचा तक्ता मेकॅनिकांच्या खोलीत भिंतीला लावलेला होता, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मी उठले नाही. समोरचा आलेख स्वच्छ होता. एक रेघ वर, एक रेघ खाली. स्वच्छ आलेख मला आवडतो.

सोमवारी अहवाल पाठवला. पहिली गाडी पहिल्या तिनांत येईल, दुसरी शेवटच्या तिनांत. शनिवारी मालकांनी दुसरी गाडी बंद केली आणि तिच्या ड्रायव्हरला फोनवर कळवलं. पुढच्या रविवारी पहिली शर्यत झाली. आमची गाडी सहा फेऱ्या चौथी होती. मग भरल्या टाकीच्या वजनानं तिचे मागचे टायर संपले आणि ती एकेक जागा सोडत मागे गेली. मी घरात एकटी पाहत होते. चाचणीत तिला जेमतेम आठ फेऱ्यांचं पेट्रोल घातलं होतं. दुसरी गाडी दोन्ही दिवस पूर्ण भरून फिरली होती. हिशेबात वजन धरलं तर तीच वेगवान होती, आणि शर्यतीच्या शेवटापर्यंत टिकली असती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना चूक कळवली. ते म्हणाले, आता आयोजकांकडे नावं गेली, या वर्षी बदल होत नाही. मग त्याला फोन केला. सगळं सांगितलं, टाकीपासून टायरपर्यंत. त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी गॅस बंद केला. मग तो म्हणाला, "म्हणजे मी हळू नव्हतो." मी म्हटलं, नव्हतास. "बरं झालं सांगितलंत, अक्का. मला वाटायला लागलं होतं की माझे डोळे गेले." त्यानं आणखी एकच विचारलं, रागावून नाही, नुसतंच: "तुम्हाला कधी कळलं?"

"शर्यत पाहताना," मी म्हणाले.

अप्पा, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहिते. अहवाल पाठवला त्याच आठवड्यात, गुरुवारी, मुख्य मेकॅनिकचा मला फोन आला होता. दुसरी गाडी भरलेली होती, ते धरलंत ना मॅडम, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. शनिवारला अजून दोन दिवस होते.