ओढीचा खटका, पायाचा खटका

हॅझल फोर्क, मिसुरी
बुधवार, १३ ऑगस्ट १९८६

श्री. व्हर्लिनराव यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा आदरपूर्वक नमस्कार. आपली प्रकृती, आपल्या डाव्या गुडघ्याची प्रकृती (या दोहोंची चौकशी स्वतंत्रपणे करावी, अशी अर्डिथची सूचना आहे) आणि आपल्या गोड मक्याची प्रकृती उत्तम असेल, असे गृहीत धरतो. आम्ही उभयता बरे आहोत. मक्याविषयी पुढे लिहितो.

आपल्या दोन घरांमध्ये चार मैलांचे अंतर असून मोटारीने ते अकरा मिनिटांत कापता येते, याची मला कल्पना आहे. तरीही पत्र लिहितो आहे, कारण समोरासमोर आणि फोनवर आपण माझे एकही वाक्य पूर्ण होऊ देत नाही. पत्रात ही सोय आपणांस उपलब्ध नाही.

गेल्या वर्षी चर्चच्या कणीस-भोजनात, पाद्रीसाहेब आणि निदान तीस माणसे ऐकत असताना, आपण मला म्हणालात, ‘‘गेलन, तुझा खटका फक्त कागदावर उडतो.’’ तेव्हापासून आपल्या दोघांत जे खटके उडाले ते सगळे याच एका खटक्यावरून, हे आपण नाकारणार नाही. रॅकून धरण्याच्या पिंजऱ्याला पायाचा खटका असावा, हे आपले मत. ओढीचा असावा, हे माझे. आपल्या पद्धतीत जनावर आत शिरते, पत्र्याच्या पट्टीवर पाय ठेवते आणि दार पडते. माझ्या पद्धतीत आमिष मागच्या बाजूला तारेच्या आकड्यावर टांगलेले असते. ते हाताने खाली ओढावे, तेव्हा दार पडते. माझा मुद्दा साधा आहे आणि तो मी तीस माणसांसमोरही मांडला असता, जर आपण मध्येच लोणी मागितले नसते. पाय सर्वांनाच असतात, हात फक्त रॅकूनला. म्हणून पायाचा खटका कोणालाही धरतो आणि ओढीचा खटका ज्याला धरायचे त्यालाच.

यंदा हा वाद तत्त्वाचा राहिलेला नाही. आपल्या मातोश्री फेब्रुवारीत गेल्या. एकेचाळीस वर्षे त्या भोजनाला कणसे त्यांच्या हातची गेली आणि दुकानातले एकही कणीस त्या टेबलावर कधी आले नाही. त्यांच्या माघारी हे पहिले भोजन येत्या शनिवारी आहे आणि अर्डिथने स्त्रियांच्या मंडळासमोर उभे राहून चाळीस डझन कणसांचा शब्द दिला आहे. मी त्या सभेत नव्हतो, परंतु ती घरी आली तेव्हा तिचा आवाज मी ऐकला. त्या आवाजात दिलेला शब्द मोडला तर काय होईल, ते आपण तिचे बंधू या नात्याने माझ्यापेक्षा अधिक जाणता. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, कणसात दूध भरले त्याच दिवशी (ही बातमी त्यांना कोण देते, कळत नाही), रॅकून आले. रॅकून कणीस खात नाही, व्हर्लिनराव. तो मक्याचे ताट आडवे करतो, कणीस सोलतो, एक घास घेतो, विचार करतो आणि पुढच्या ताटाकडे जातो.

तेव्हा मी दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना करण्याचे ठरवले. (कैलासवासी सासरेबुवा एमेट मला ‘आमचा वाणिज्य पदवीधर’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत, हे मला ठाऊक आहे. परंतु धान्यकोठाराच्या तोलकाट्यावर अठ्ठावीस वर्षे उभा राहिलेला माणूस अंदाजाने बोलत नाही.) आपला पायाच्या खटक्याचा पिंजरा, जो आपण २ जुलैला मला ‘शिकून घे’ असे म्हणून दिलात, आणि माझा ओढीच्या खटक्याचा पिंजरा, असे दोन्ही मक्याच्या कडेला सहा फुटांवर शेजारी शेजारी ठेवले. आमिष दोन्हींत तेच: चार मऊ, गोड मार्शमॅलो. दर दिवशी पिंजऱ्यांच्या जागांची अदलाबदल केली, म्हणजे जागेच्या गुणाचे श्रेय खटक्याला जाऊ नये. तारेला घालायचे तेल आणायला मी लॉयलच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तेव्हा सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘‘हे बघ गेलन, त्याला हात आहेत आणि तुला पदवी आहे. कोण जिंकतं ते मला येऊन सांग. मी दुकान सोडून कुठे जात नाही.’’ या वाक्याचा रोख मी नंतर लक्षात घेतला.

आपल्या पायाच्या खटक्याचा सतरा दिवसांचा वृत्तान्त असा. दोनदा वाऱ्याने दार पडले. एकदा कासव. एकदा माझी टोपी, जी मी वाकलो असताना पडली आणि जिला धरण्यात आपल्या खटक्याने जी तत्परता दाखवली ती अन्यत्र दिसली नाही. आणि सहा वेळा शेजारच्या इमोजीन थार्पबाईंचा बोका. याचे नाव डीकन. याला मार्शमॅलोत काडीचा रस नाही. त्याला केवळ आत जाऊन बसणे आवडते. पहिल्या तीन वेळी मी त्याला सन्मानाने पोचवला. चौथ्या वेळी बाई कुंपणापाशीच उभ्या होत्या. ‘‘काय रे, आजही आमचाच धरलास?’’ त्या म्हणाल्या. मी दिलगिरी व्यक्त केली. त्या म्हणाल्या, ‘‘दिलगिरी कसली? तिथे सावली बरी असते म्हणून जातो तो. फक्त दहाच्या आत सोडत जा बाबा, दहाला त्याचं औषध असतं.’’ तेव्हापासून मी दहाच्या आत सोडतो.

आणि एकदा स्कंक. याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण थोडक्यात लिहिणेच शक्य आहे. पिंजऱ्यातल्या स्कंकजवळ जाताना समोर मोठे कापड धरून हळूहळू जावे, म्हणजे त्याला माणूस दिसत नाही आणि तो भडकून दुर्गंधीचा फवारा सोडत नाही, असे आपणच मला शिकवले होते. मी दोरीवरचे हाताला लागले ते कापड घेतले आणि हळूहळू गेलो. आपण शिकवलेली पद्धत दाराची कडी उघडेपर्यंत अचूक आहे. कडी उघडल्यानंतर काय करावे, हे आपण सांगितले नव्हते. ते कापड मातोश्रींची लाल चौकटीची टेबलचादर होती, जी दरवर्षी भोजनात मधल्या टेबलावर घातली जाते. ती सध्या कोठाराच्या मागे जमिनीत पुरलेली आहे. अर्डिथ समजते की ती आपल्याकडे आहे. या समजाला आपण, कृपया, धक्का लावू नये.

आता माझ्या ओढीच्या खटक्याविषयी. रविवार २७ जुलैपासून काल मंगळवारपर्यंत नऊ रॅकून. बोका शून्य, स्कंक शून्य, कासव शून्य, टोपी शून्य. नऊच्या नऊ एक दिवसाआड, इतके नियमित की मी त्यांच्यावरून घड्याळ लावू शकलो असतो. प्रत्येकाचे वजन मी (पिंजऱ्याचे वजन वजा जाता) चाऱ्याच्या काट्यावर घेतले. पहिला साडेसोळा पौंडांचा होता. दुसरा सतरा. तिसरा साडेसतरा. असे चढत चढत कालचा नववा साडेवीस पौंडांचा भरला. यावरून मी असा निष्कर्ष काढला की प्रथम त्यांनी लहानांना पाठवले आणि ते परत येईनात, तेव्हा क्रमाने वडीलधारी मंडळी निघाली. नवांपैकी नवांच्या डाव्या कानाला खाच होती. ही घराण्याची खूण असावी. आपल्या घराण्यात नाही का सर्वांचे अंगठे वाकडे?

धरलेला प्रत्येक रॅकून मी सासरेबुवांच्या नियमानुसार सोडला. ‘‘वाहत्या पाण्यापलीकडे नेलेला रॅकून परत येत नाही,’’ हे त्यांचे शब्द आपण दोघांनीही त्याच ओसरीवर, त्याच मक्याच्या ढिगापाशी बसून ऐकले आहेत. त्यामुळे मी दर वेळी गाडी काढली, ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि पलीकडे (म्हणजे आपल्या बाजूला, परंतु पुलापासून आपली जमीन तब्बल दोन मैलांवर आहे) दार उघडले. प्रत्येक जण सावकाश उतरला. सातव्याने उतरण्यापूर्वी आळस दिला.

येथे एक कौटुंबिक बाब नमूद करणे भाग आहे. आठव्याच्या वेळी अर्डिथ ओसरीवर उभी होती आणि म्हणाली, ‘‘गेलन, हा तोच आहे.’’ मी तिला वजनातला फरक दाखवला. ती म्हणाली, ‘‘वजनं घेतोस रोज. एकदा त्याच्या तोंडाकडे बघ.’’ मी म्हणालो की सर्व रॅकूनांच्या तोंडावर काळा पट्टा असतो आणि तोंडावरून ओळख पटवणे हा पुरावा होत नाही. ती म्हणाली, ‘‘तू माझा शब्द घालवणार आहेस,’’ आणि आत गेली. दार तिने आपटले नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात ती दार आपटत नाही तेव्हाच मी घाबरतो. केवळ तिच्या समाधानासाठी मी काल नवव्याच्या शेपटीवर, ओसरीच्या छताला लावून उरलेल्या निळ्या रंगाचा एक पट्टा ब्रशने ओढला आणि मगच त्याला पलीकडे सोडले. निळी शेपटी येथे पुन्हा दिसणार नाही. प्रयोग पूर्ण झाला असून आज संध्याकाळपासून मी दोन्ही पिंजऱ्यांचे खटके उतरवून ठेवले आहेत. माझ्या पिंजऱ्याचे दारही वर करून सुतळीने बांधले आहे.

आपल्या ७ तारखेच्या पत्रात आपण कळवले की आपल्या शेतावर आपल्या पायाच्या खटक्यानेही एक दिवसाआड एक असे रॅकून धरले जात आहेत, ‘आणि एकेक पहिल्यापेक्षा जाडा’. याबद्दल अभिनंदन. परंतु आपल्याकडे तुलनेला दुसरा पिंजरा नाही, त्यामुळे त्या आकड्यांतून काही सिद्ध होत नाही. माझ्या आकड्यांतून होते. तेव्हा येत्या शनिवारी, प्रार्थना झाल्यावर आणि लोणी मागण्यापूर्वी, त्याच तीस माणसांसमोर आपण उभे राहून ‘ओढीचा खटका श्रेष्ठ’ एवढे तीन शब्द उच्चारावेत, अशी माझी रास्त अपेक्षा आहे. जास्त बोलण्याची गरज नाही.

मोठ्या वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आपला,
गेलन स्टकी

ता. क. (गुरुवार, सकाळी साडेसहा) : पाकीट बंद करण्यापूर्वी मी सवयीने मक्याच्या कडेला जाऊन आलो. माझ्या पिंजऱ्याचे दार काल बांधले होते तसेच वर बांधलेले आहे. आकड्याला आमिष नाही. खटका लावलेला नाही. आत रॅकून बसला आहे. त्याला कोणीही धरलेले नाही. तो तोंड गाडीकडे करून बसला आहे. मी जवळ गेलो तेव्हा तो थोडा आत सरकला, जणू मला दार लावायला जागा हवी असेल.

ता. क. दुसरा : शेपटीवर निळा पट्टा आहे. वजन एकवीस पौंड. निळ्या पट्ट्याच्या खाली दोन इंचांवर दुसरा पट्टा आहे, तो नारिंगी. रंग अद्याप पुरता वाळलेला नाही. हॅझल फोर्कच्या पंचक्रोशीत नारिंगी ट्रॅक्टर एकच आहे आणि त्याच्या मडगार्डाला रंग लावण्याचे काम यंदा कोणी काढले आहे, हे मी विचारत नाही. वाहत्या पाण्यापलीकडे म्हणजे आपण कोणत्या बाजूला सोडत होता, हेही विचारत नाही, कारण पुलाला बाजू दोनच आहेत. आपले नऊ आणि माझे नऊ मिळून अठरा नव्हेत, व्हर्लिनराव. गेले अडीच आठवडे आपण दोघे एका रॅकूनला एका जेवणावरून दुसऱ्या जेवणाला पोचवत होतो. दोन्ही खटक्यांची तुलना मी मागे घेत आहे. ते तीन शब्द उच्चारण्याची आवश्यकता नाही. अर्डिथला मी हे सर्व सांगितले. ती हसली नाही. तिने फक्त विचारले, ‘‘मग आईच्या टेबलावर काय ठेवू मी?’’ मी कणसे मोजायला निघालो.

ता. क. तिसरा : हे पत्र ज्यासाठी लिहावयास हवे होते ते आता लिहितो. आज सकाळी मी उभी कणसे मोजली. शब्द चारशे ऐंशीचा आहे, शिल्लक दोनशे एक्क्याण्णव आहेत. एकशे एकोणनव्वद कमी पडतात. आपलाही मका मातोश्रींनीच राखून दिलेल्या बियाण्याचा आहे, म्हणजे तो टेबलावर आला तर त्यांचाच राहील, आणि अर्डिथचा शब्दही. शनिवारी दुपारपर्यंत आपण एकशे एकोणनव्वद कणसे आणि (माझ्यासाठी) एक लाल चौकटीची टेबलचादर घेऊन यावे, ही कळकळीची विनंती. तोवर आपल्या मक्याची काळजी करू नये. रॅकून माझ्याकडेच आहे, स्वखुशीने आहे, आणि मी गाडी काढल्याशिवाय तो कोठेही जाणार नाही. गाडीत पेट्रोल भरलेले आहे.

ता. क. अर्डिथच्या हातचा : व्हर्लिन, दोनशे आण. वरची अकरा पिंजऱ्यात बसलेल्या पाहुण्यासाठी. या सगळ्यात मोजमाप न करता वेळेवर येणारा तो एकटाच आहे. आणि चादर कुठे पुरली आहे ते डीकनने उकरून दाखवलंय, तेव्हा तुम्ही दोघं शनिवारी मागच्या टेबलावर बसा. लोणी तिथे येणार नाही.