मागच्याने फाटक लावायचं

प्रिय ठमे,

फाटकाच्या कडीवर हात तसाच ठेवून मी उभा राहिलो, कारण कोल्हा पळाला नाही. टेकडीवरून उतरताना वरच्या फाटकाशी, वाटेच्या कडेला, तो शेपूट पायांभोवती गुंडाळून बसला होता. मी हललो नाही. तोही नाही. मग लक्षात आलं, तो माझ्याकडे बघतच नव्हता.

तू म्हणशील, झालं बाबांचं सुरू. वर्षभर फोनवर तुला हेच तर ऐकवत आलो. उन्हाळ्यात ससा, पावसात रानडुकरीण आणि तिची पट्टेरी पिल्लं, पानगळीत हरणं. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि शेवटी विचारायचीस, बाबा, इकडे राहायला कधी येताय? मी कधी तब्येतीचं सांगायचो, कधी दुकानाचं. तब्येत ठणठणीत आहे. दुकान तर केव्हाच दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

टेकडीवर फिरायला जातानाचा आपला नियम तुला आठवत असेल. पुढच्याने फाटक उघडायचं, मागच्याने लावायचं, म्हणजे गुरं पलीकडे जात नाहीत. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. वळलं की पाचोळा वाजतो, जनावर बुजतं. मी पुढे, मध्ये तू, शेवटी आई. कडी लावायला मिळावी म्हणून तू मुद्दाम मागे रेंगाळायचीस. आई म्हणायची, हो पुढे, मोठी आली फाटकवाली. तू तिकडे राहायला गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. तिचा गुडघा दुखायला लागला तशी ती मागे पडू लागली. तुम्ही व्हा पुढे, आलेच मी, एवढंच म्हणायची. मी पुढे व्हायचो. बऱ्याच वेळाने खालून कडीचा आवाज यायचा. म्हणजे आली.

ती गेली, त्यानंतर मी एकटा टेकडीवर जायला लागलो. फाटक उघडायचो आणि तसंच टाकून पुढे जायचो. वनरक्षकाने एकदा गाठलंच. म्हणाला, काका, तुमच्या सासऱ्याने यायचं का फाटक लावायला? मी कान पकडले. पण पुढच्या खेपेलाही लावायला हात गेला नाही. मागून कोणी येत असताना त्याच्या तोंडावर फाटक कसं लावायचं?

जन्मभर मी लोकांना चष्मे करून दिले. समोरचा माणूस जवळचं बघतोय की लांबचं, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. जनावरांचं थोडं वेगळं असेल, पण फार नाही. ससा माझ्या मागे लांब बघत होता, पायथ्याच्या वळणाकडे. वाटलं, कुत्रा असेल. मी वळलो नाही. पावसात डुकरीण पिल्लांना पोटाशी घेऊन थबकली. तिची नजर खालच्या फाटकावर होती. पानगळीत हरणं माना वर करून उभी होती, सगळी एकाच जागी बघत. ती जागा माझ्या मागे होती, हाकेच्या अंतरावर. वारा अजिबात नव्हता. पाचोळा मात्र वाजत होता. एक पाऊल. मग थांबून दुसरं. दुखरा पाय जपत चालणाऱ्या माणसाचं.

त्या दिवशी उतरताना दोन्ही फाटकं लावलेली सापडली. मी म्हटलं, वनरक्षकाचं काम. पुढे तो भेटला तर भलताच खुशीत. काका, हल्ली आठवणीने लावता हं फाटकं, देव पावला. मी तर एकदाही लावलं नव्हतं.

म्हणून मी येत नव्हतो, ठमे. ती इतकी वाट चालून येणार, आणि घराला कुलूप? तिने काय बंद दाराची कडी वाजवत बसायचं?

आज त्या कोल्ह्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेलेली होती. अगदी जवळ, फाटकाच्या पलीकडे. मग त्याने मान वळवली. सावकाश, कोणी समोरून जाताना आपण वळवतो तशी. माझ्या डाव्या अंगाला गारवा जाणवला, ओल्या शालीचा असतो तसा. कोल्ह्याची मान वळत वळत उताराकडे, आपल्या घराच्या दिशेला जाऊन थांबली. मग तो उठला आणि झाडीत निघून गेला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या पुढे गेली होती. मागे मी होतो. म्हणून कडी मी लावली. खालच्या फाटकाचीही लावली.

घरी आलो तर परसदार उघडं होतं. निघताना मी त्याला कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या खिशातच होती. मी आत आलो आणि मागे दार लावून घेतलं. घरातल्या कुठल्याच खोलीत डोकावलो नाही. स्वयंपाकघरात बसून हे लिहितो आहे. बाहेरच्या खोलीत मी दिवा लावला नव्हता, पण दाराखालून उजेड दिसतोय.

आता इथे कोणाची वाट बघायची नाही. मी तुझ्याकडे येतो, कायमचा. फोनवर हे सांगितलं असतं तर तू घाबरून मलाच न्यायला आली असतीस, आणि तुझं घर बंद राहिलं असतं. ते बंद राहायला नको, एवढ्यासाठी हे पत्र. मी पोचण्याआधी तुझं दार वाजलं तर उघड. बाहेर कोणी दिसलं नाही तरी लगेच लावू नकोस. तिला पायऱ्या चढायला वेळ लागतो. आत वळ आणि मागे बघू नकोस. शेवटी मी आहे. दार मी लावेन.

तुझाच,
या खेपेला मागे राहिलेला,
बाबा

ता. क. सकाळी उठलो तेव्हा रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं. चहा केला, बॅग भरली, दार लावलं. पत्र पेटीत टाकून तसाच गाडीला जातो. तिला पुढे होऊ देत, वाटेत मुक्काम करत येईन, म्हणजे पत्र माझ्याआधी पोचेल.