खंडेनवमीला उघडं पडलेलं इंजिन

राजारामपुरी, कोल्हापूर
दसऱ्यानंतरचा मंगळवार

सन्माननीय अभिनंदनशेठ यांस,

उचगावच्या आपल्या गॅरेजच्या पायरीला इथूनच नमस्कार. इकडे गाडी सोडून सर्वजण ठीक आहेत. आपली प्रकृती कशी आहे? (माझ्या भाषणानंतर रक्तदाब वाढला असं ऐकतो. मीठ कमी करावं. भाषण आता कमी करता येत नाही.) चंदनावहिनींना माझा नमस्कार आणि आक्काचा आशीर्वाद सांगावा. फोन सोडून पत्र का, तर आपण माझा नंबर ब्लॉक केला आहे. टपाल खात्यात ती सोय अजून झालेली नाही, तोवर लिहून घेतो.

आपल्या गॅरेजला पंचवीस वर्षं झाली त्या समारंभात मी जे बोललो ते आपल्याला पाठ असेलच. "अभिनंदनच्या गॅरेजात गाडी दुरुस्तीला येत नाही, नांदायला येते." लोक हसले. आपली माणसं पाना खाली ठेवून हसली. एका बाकावर बसून शाळा शिकलेल्या मित्राविषयी हे माझं निरीक्षण होतं, असं मी त्या दिवशी समजत होतो. त्यानंतर आपली गाठ नाही. दर दसऱ्याला आपण आक्काला सोनं द्यायला येता, यंदा आला नाहीत. मी त्याविषयी काही म्हणत नाही. फक्त दिवसभर दाराकडे बघणाऱ्या आईसमोर बसायचं काम माझ्याकडे होतं, एवढं कळवतो.

आता गाडीचं. दादांची गाडी आपल्याला ठाऊकच आहे. वडील गेले, गाडी राहिली, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी आक्काला जोतिबाला न्यायचं काम माझ्याकडे आलं. ती पुढच्या सीटवर बसते, काच खाली घेते आणि घाट लागला की मला गिअर बदलायला सांगते. (बरोबर सांगते, हा त्यातला जाच.) दुसऱ्या गाडीतून ती जात नाही. भाड्याची नको, पुतण्याची नको, दादांची पाहिजे. यंदा एकोणऐंशी पूर्ण झाली. देवळाच्या पायऱ्या यंदा होतील म्हणते. पुढच्या वर्षाचं गुडघ्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

आणि नेमकी नवरात्रात गाडी सकाळी चालू केली की भांड्यांच्या फडताळात मांजर शिरल्यासारखं वाजायला लागली. टायमिंग चेन सैल झालेली. दुसऱ्या मेकॅनिककडे न्यावी तर तुमच्याशी द्रोह, तुमच्याकडे आणावी तर माझी शरणागती. म्हणून मी तिसरा मार्ग काढला आणि चेन घरी स्वतः बदलायचं ठरवलं. (आता हे 'तुम्ही-तुम्ही' लिहून माझा हात अवघडला आहे. इथून पुढं तू.)

फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस अठरा मिनिटांत चेन बदलून दाखवतो. त्याने अठरा मिनिटांत जे उघडलं, ते उघडायला मला तीन दिवस लागले. पुलीचा बोल्ट सुटेना, तेव्हा पान्याला पाण्याचा पाइप लावून मी आणि शेजारचे कृष्णातमामा दोघं त्याला लोंबकळलो. मामा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. पण ते विचारल्याशिवाय काही सांगत नाहीत, आणि मी कुणाला काही विचारत नाही, त्यामुळे आमचं सहकार्य शांततेत चाललं होतं. इंजिनखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा, आणि पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर काढलेले भाग ओळीने मांडलेले. नवी चेन आणली तर तिच्यात दोन कड्या पिवळ्या. दुकानदाराने जुनी-नवी जोडून माझ्या गळ्यात मारली, असं मी त्याला फोन करून सुनावलं. त्याने 'बरं साहेब' म्हणून फोन ठेवला. त्याला लाज वाटली असं मी धरलं.

तुला सांगायला नको, तरी सांगतो. ही चेन इंजिनातल्या वरच्या आणि खालच्या दातेरी चाकांना एका तालात फिरवते. एक दात इकडचा तिकडे झाला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या अंगावर जातात. म्हणून जुनी चेन काढण्याआधी मी बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन दोन्ही चाकांवर खूण केली आणि मग चाकंही काढून वर्तमानपत्रावर ठेवली. प्रियदर्शनीने नेलपॉलिशबद्दल जे म्हटलं ते इथे देत नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी इंजिनच्या झाकणाला लावायचा चिकट मसाला आणायला गेलो आणि तासाभराने परत आलो, तेव्हा आक्काने शस्त्रपूजा उरकली होती. पाने, स्क्रूड्रायव्हर, विळी, गाडीचे सुटे भाग, सगळं चिंचेने घासून, धुऊन, पुसून पाटावर ठेवलेलं, त्यावर झेंडूची फुलं. तेलकट लोखंडावर नेलपॉलिश धरत नाही, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. माझ्या खुणा चिंचेच्या पाण्याबरोबर गटारात गेल्या होत्या. पान्यांना हळदीकुंकवाची पाची बोटं ओढलेली, पण त्या दोन चाकांवर मात्र कुंकवाचा एकेकच ठिपका, तोही नखाएवढा.

मी म्हटलं, "आक्का, हे काय केलंस?"

"वर्साचं काम केलं. हत्यारं पुजायची न्हाईत व्हय?"

"ही हत्यारं नाहीत, इंजिन आहे."

"मग त्येला देव न्हाय व्हय? पुसू नको ते कुंकू."

मी पुसलं. रॉकेलच्या फडक्याने, आक्काच्या देखत. ती काहीतरी सांगत होती, मी ऐकलं नाही. मग उघडताना फोनवर काढलेला फोटो मोठा करून, दात मोजून, उरलेलं आठवणीने, असं करून चेन बसवली. दसरा गेला, दोन दिवस जोडाजोडीत गेले. रविवारी, म्हणजे जोतिबाला जायच्या दिवशी सकाळी, आक्का नऊवारी नेसून, परडीत नारळ आणि खोबरं-गुलाल घेऊन पुढच्या सीटवर बसली. मी चावी मारली. आतून टण्ण असा एकच आवाज आला, आणि मग काही नाही.

कृष्णातमामा कठड्यापलीकडून म्हणाले, "स्टार्टर मारायच्या आदी हातानं इंजिन दोन फेरं फिरवून बघायचं असतंय."

"आधी सांगायचं नाही का मामा?"

"तुम्ही इचारलं न्हाय की."

व्हॉल्व्ह वाकले असावेत, असं त्यांचं मत पडलं. आक्काने परडीतला नारळ नीट केला. मग परडी घेऊन घरात गेली. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी तिच्या पाठीला सांगितलं. मला तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असो. हे सर्व केवळ माहितीसाठी. मला तुझ्याकडून काहीही नको आहे.

तुझा (अजून असल्यास),
सयाजी

ता. क. तुझा गाडी ओढायचा टोचनाचा दोर रिकामा असेल आणि राजारामपुरीकडे सहज येणं झालं, तर गाडी दारातच उभी आहे. फक्त रविवारच्या आत परत पाठव. यंदा तिला नांदायला वेळ नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी आक्काने पत्र वाचायला घेतलं आहे आणि पेनही मागते आहे. खालचं तिचं.

अभिनंदन, आशीर्वाद. ह्येनं लिवलंय त्यात एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. त्या दोनी चाकांस्नी एकेक बारीक खड्डा हाय. गुळगुळीत लोखंडावर कुंकू ऱ्हाईना, खड्ड्यात बसलं, म्हणून तितंच लावलं. कृष्णात म्हणतोय कंपनीची खूण तीच, आणि साखळीची पिवळी कडी त्येच्यासमोर यायला पायजे. दुकानदाराला उगंच बोलला ह्यो. मी पुसू नको म्हणत हुते. तुझ्या कार्यक्रमात बी मी पुढं बसलेली, मी हसले न्हाय. ह्येच्या जिभेला हाड न्हाय, ते माझं चुकलंय, मी वळण लावाय पायजे हुतं. तुझं सोनं देवापुढं ठेवलंय. वाळलंय, पर हाय. गाडी नीट कर आणि रविवारी तूच चालीव. ह्यो मागं बसंल, गप.

ता. क. ३. वरचं मी वाचलेलं नाही. मागं बसायला माझी हरकत नाही.