कापणाऱ्यानं शेवटी उचलायचं

प्रिय आक्का,

तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली. आयुष्यभर रोज लिहून पोट भरलं, पण तुला चार ओळी लिहायचं धाडस झालं नाही. आज लिहितोय, कारण सकाळी मीनल हिंजवडीहून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, कुठे सही करायची ते दाखवा. अकराला मीटिंग आहे माझी."

चऱ्होलीचा विहिरीजवळचा तुकडा आता बिल्डरला जायचाय. मुलगी म्हणून मीनलचाही त्यात हिस्सा आहे. तो भावासाठी, अजयसाठी, सोडल्याचं हक्कसोडपत्र त्यानेच तयार करून आणलं होतं.

"अगं, वाचून तरी बघ."

"वाचून काय करू? सगळ्याच बहिणी करतात की! माहेर तुटायला नको."

आक्का, हे तुझं वाक्य! शब्दन् शब्द तुझा. तिला कुणी शिकवलं गं?

आठवतं, आपण बांधावर ऊस खायचो? तू कोयत्याने कांड्या करायचीस. मी मोजून म्हणायचो, तुला तीन, मला तीन, झालं सारखं. तू हसायचीस. "येड्या, बुडखा गोड आन् शेंडा पाणचट. सारखं म्हंजी रास्त न्हवं." मग दोघांनाही थोडा बुडखा, थोडा शेंडा. आणि नियम तुझाच: कापणाऱ्यानं शेवटी उचलायचं. मला कावीळ झाली तेव्हा तर सगळा बुडखा माझ्यापुढे सारलास. मी विचारलं, आज सारखं नाही का? म्हणालीस, "आज तुला जास्त, हेच रास्त हाय."

पुढे मी समतेवर, न्यायावर किती लेख लिहिले! लोक म्हणायचे, साहेब, किती सोपं करून सांगता. सोपं तू केलं होतंस. मी फक्त छापलं.

दाजी गेल्यावर सासरच्यांनी तुला बाहेर काढलं. कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहून तू कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचीस. शेताचा मोठा भाग विकायचं ठरलं, तेव्हा तू एकदाच काही मागितलंस. "दत्तू, हिरीच्या कोपऱ्यात एक खोली टाकू दे. बाकी काय नगं."

मी काय म्हणालो? "एकीला दिलं की रीत मोडते, आक्का. सगळ्या सोडतात." तू पदराचं टोक कमरेला खोचलंस. मग म्हणालीस, "बरं. माहेर तुटाया नको."

रागावली का नाहीस गं तेव्हा? भांडली असतीस तर कदाचित मी थांबलो असतो. बघ, अजूनही दोष तुझ्याच माथी मारतोय!

नोंदणी कार्यालयात तुझा अंगठा घेतला, कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला. कागदावर लिहिलं होतं, 'स्वखुशीने व विनामोबदला'. मसुदा मीच तपासला होता. रीतीप्रमाणे तुला साडी घेतली, डाळिंबी रंगाची. कापलं मी, आणि आधी उचललंही मीच.

विहिरीचा तो कोपरा तर तेव्हा विकलाही गेला नाही! इतकी वर्षं तिथे नुसती घाणेरीची झुडपं माजली होती.

तू गेल्याचं कळलं तसा मी कुरुळीला धावत आलो, रिकाम्या हातांनी. शेजारच्या खोलीतल्या, मूळच्या परभणीच्या मावशींनी विचारलं, "भाऊ, माहेरची साडी आणली का?" माझी मान खाली. त्या आत गेल्या, तुझी ट्रंक उघडली. डाळिंबी साडी तशीच होती, दुकानाच्या पिशवीत, घडीही न मोडलेली. "आक्का म्हणायच्या, भावानं घेतलीय, जपून ठेवलीय, कामाला येईल." हक्क सोडल्याची साडी मी माहेरची साडी म्हणून तुझ्या अंगावर घातली. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा.

आज मी मीनलच्या हातातून कागद काढून घेतला. अजय चिडला. "का? आत्यानं दिला होता ना अंगठा? तिनं कधी तक्रार केली?"

तुझं गप्प राहणंच आता पुरावा झालंय. मीनल तर माझ्यावरच वैतागली. "बाबा, उगाच घरात भांडण लावू नका." पेन हातात धरून ती अजून बाहेरच्या खोलीत बसली आहे. अकरा केव्हाच वाजून गेले. जिच्यासाठी मी उशिरा शहाणा झालो, तिलाच ते नकोय.

तरी एवढा शब्द देतो. हे पत्र संपवून बाहेर जाईन आणि साडीची गोष्ट दोघांना सांगेन. माझी मान खाली गेली, तेही सांगेन. त्या तुकड्याची वाटणी करावी लागेलच. तेव्हा आधी मीनल उचलेल, मग अजय. मी शेवटी. शेंडा उरला तर शेंडा. तुझा वाटा त्यात कुठेच नसेल, आक्का. तुझ्याशी रास्त वागणं आता कुणालाच जमायचं नाही, मलासुद्धा नाही.

तुझा,
आधी उचलणारा दत्तू