भिंतीतला पंजा

आबा, तुम्ही ज्या किल्ल्याच्या दुरुस्तीला वर्षभर राबलात, तिथं आता संग्रहालय झालंय. काल तिला घेऊन गेलो होतो. ती माझ्या कॉलेजातली, म्हणजे मी कॉलेजात होतो तेव्हाची. दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. तुम्हाला जाऊन तोवर सात वर्षं झाली होती, नाहीतर तुम्ही मला कानाला धरून परत नेलं असतं. तिला घोटीचं स्थळ आलंय. रविवारी ते लोक येताहेत, जमलं तर लगेच सुपारी फोडतील. तिनं घरी रडून, भांडून वडिलांना एकदा मला भेटायला तयार केलं होतं. काल चार वाजता, सिन्नरला. जीपमध्ये तिचं एकच चाललं होतं, "ते काहीही बोलू देत, तू तासभर गप्प बसायचंस. जमेल?" म्हटलं, जमेल. हातात वेळ होता, म्हणून मीच म्हणालो, आधी माझ्या वडिलांची भिंत बघू.

भिंत शाबूत आहे, आबा. मला मात्र ती ओलीच दिसते. मी आठ वर्षांचा, शाळेला सुट्टी. बैल घाणीभोवती फिरतोय, चुना दळला जातोय, तुम्ही त्यात गुळाचं पाणी ओतताय आणि मी थापीसाठी मागे लागलोय. तुम्ही म्हणता, "चुना हात खातो. सरक तिकडं." तुम्ही पाणी प्यायला जाता आणि मी रागारागानं ताज्या गिलाव्यात पंजा दाबतो. तुम्ही परत येऊन विचारता, "कुणी केलं हे?" मूठ पाठीमागे लपवून मी म्हणतो, "मी नाय."

त्या पंज्यापुढे आता दोरी बांधलीय आणि खाली पाटी लावलीय: मध्ययुगीन कारागिराच्या हाताचा ठसा. आधी मला हसूच आलं. तिला म्हटलं, "हा माझा हात." तीही हसली. पण पहारेकऱ्यानं ऐकलं. म्हणाला, "हा चारशे वर्षांचा हात आहे भाऊ. तुमचं वय काय?" बघणारे सगळे खिदळले. तिनं माझी बाही ओढली, "चल ना, उशीर होईल." मी दोरी ओलांडली आणि हात ठशावर ठेवला. बोटं पार बाहेर आली. आता तर लोक मोबाइल काढून हसायला लागले. पहारेकऱ्यानं माझं मनगट धरलं, मी त्याला ढकललं. तो बिचारा, तुम्ही आज असतात तर तुमच्याच वयाचा असेल, पडता पडता वाचला. मी ओरडत होतो, माझा हात आहे हा, माझ्या बापानं बांधलीय ही भिंत. थांबलो तेव्हा ती त्याची टोपी उचलून त्याला देत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चार वाजता येऊ नकोस. मी काय सांगायचं ते सांगते." बाहेर सिन्नरची जीप भरतच होती. ती पुढच्या सीटवर बसली.

चार वाजले तेव्हा मी अजून भिंतीसमोरच्या पायरीवर होतो. तिला लावलेले फोन तिनं घेतले नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की तुम्ही परत आलात तेव्हा गिलावा ओला होता. थापीचा एक हात फिरवला असता तर पंजा गेला असता. तुम्ही फिरवला नाही. आणि त्याच दिवशी संध्याकाळी चुलीपाशी माझा सोललेला तळवा मांडीवर घेऊन तुम्ही खोबरेल लावत होता. काहीच विचारलं नाहीत. फक्त आईला म्हणालात, "कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. निवल्याशिवाय भिंतीला लावता येत नाही. याला अजून वेळ हाय." आई हसली होती. मला वाटलं, तुम्ही कामाचं बोलताय.

माझं निवणं अजून व्हायचंय, आणि रविवार परवावर आलाय. काय करू ते कळत नाही. माफी तिची मागायला हवी, त्या पहारेकऱ्याची मागायला हवी, आणि मी इथं वही घेऊन तुमच्याशी बोलत बसलोय, जिथून उत्तर येणार नाही तिथं. आबा, तो पंजा माझाच होता. काल अख्ख्या किल्ल्याला ओरडून सांगितलं, पण तुम्हाला अजून सांगितलंच नव्हतं.