बाबांचा आवाज आणि कलम एकतीस

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. बाबांची जखम भरली. जेवण पातळच, पण पोटभर. तुझ्या भाचीला दोन दात आलेत, दिसेल त्याला चावते.

बाबा फोनवर का येत नाहीत, असं तू तीनदा विचारलंस. मी प्रत्येक वेळी ते अंघोळीला गेलेत म्हणालो. ताई, एवढ्या अंघोळी कोणी करत नाही.

घशाच्या ऑपरेशनआधी आठ दिवस वाक्यं वाचून त्यांनी त्या कंपनीकडे आवाज भरून ठेवला होता ना? टाइप केलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलायचं. ते जानेवारीत मुकं झालं. कंपनीने जुनी खाती बंद केली. मुदतीत फायली उतरवून घ्या, अशी मेल मला आली होती. जाहिरात समजून मी ती उघडलीच नाही.

इथल्या ग्राहक न्यायालयात आम्ही एवढंच मागितलं, की आवाज परत द्या. कंपनीने एक पान पाठवलं. करारातलं कलम एकतीस : वाद फक्त त्यांच्या गावच्या कोर्टात, तिथल्याच कायद्याने, आणि खातेदाराने स्वतः हजर राहायचं. तीन विमानं बदलून! गळ्यात नळी असलेल्या माणसाने!

न्यायाधीशबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण करार तुम्ही मान्य केलाय, माझे हात बांधलेत."

बाहेर बाकावर बाबांनी पाटीवर लिहिलं, "मान्य कोणी केलं?"

वकिलांना मी सांगितलं होतं, बाबांनीच. ताई, बटण मी दाबलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली त्याच दुपारी, दवाखान्यात. पानं संपता संपेनात, म्हणून थेट तळाशी गेलो. तिथेच बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पाटी पुसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ओरडणार कशाने?

अपिलाची तयारी चालली होती. परवा कंपनीचं पत्र आलं. मुदत उलटल्यामुळे आवाजाच्या फायली कायमच्या पुसल्यात. आता जिंकलो तरी आणायचं काय?

तुझं आणि बाबांचं वाजलं होतं त्या वर्षी ते तुझ्या फोनवर बोलून निरोप ठेवायचे. तू एकही ऐकला नाहीस, म्हणाली होतीस. पुसले नसशील तर शोध. शिव्या घातलेल्या असल्या तरी चालतील.

तुझा,
ज्याच्याकडे त्यांचा एक शब्दही उरला नाही तो,
धाकटा