डाव्या पायाची शिकवणी

दि. ३ फेब्रुवारी

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघे बरे आहोत. तुमचे पत्र मागेच पोचले. पण ते वाचून डोके तापले होते, आणि तापल्या डोक्याने लिहिलेले वाक्य पाठवल्यावर खोडता येत नाही, म्हणून उत्तराला मुद्दाम उशीर केला.

तुम्ही लिहिता की साठीच्या उंबरठ्यावर मी गाडी शिकते आहे हे खूळ आहे. बाळाच्या हातातून गाडी काढून घेऊन मी त्याला शेजारी गाठोड्यासारखा बसवते. (माझ्या नवऱ्याला या वयात बाळ म्हणण्याचा अधिकार तुमचाच, त्याबद्दल तक्रार नाही.) तेव्हा गाडी आमच्या दारात ठेवण्यापेक्षा तुमचे चिरंजीव एखाद्या रविवारी येऊन ती घेऊन जातील. जन्मभर वर्गात विज्ञान शिकवल्यामुळे मला मुद्देसूद उत्तर देण्याची खोड आहे. म्हणून आधी खूळ.

गिअरची गाडी जागची हलते कशी, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? इंजिनाच्या टोकाला एक चकती सतत गरगरत असते. तिच्यासमोर दुसरी चकती, जिचे नाते पुढे चाकांशी. गाडी उभी असली की तीही उभी. क्लच दाबला की दोघी दुरावतात, सोडला की चिकटतात. आता समजा, धावत आलेल्या माणसाने उभ्या माणसाचा हात धरून एकदम हिसका दिला. उभा तोंडावर आपटेल, नाहीतर धावणारा जागीच थांबेल. गाडी गचका खाते किंवा बंद पडते, ती याच न्यायाने. पण त्याने हात हलकेच धरला, उभ्याला दोन पावले सोबत येऊ दिले आणि मगच मूठ आवळली, तर दोघेही पळू लागतात. क्लच वर येताना मधेच एक जागा लागते. तिथे इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो, बॉनेटचे नाक जरासे उचलते. तिथे पाय थांबवायचा, गाडी आपणहून निघू द्यायची, आणि मग पाय काढायचा. सारी विद्या त्या थांबण्यात आहे. अहो, इतकी सुंदर गोष्ट मी इतकी वर्षे शेजारच्या आसनावर बसून हुकवली!

माझी फजितीही सांगते. गाडी शिकवणाऱ्या शाळेत मी उत्तम चालवत असे. गचका नाही, काही नाही. परवाना मिळाला, पेढीवरच्या शेटजींसारखी ऐटीत आपल्या गाडीत बसले, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत गाडी इतक्यांदा बंद पडली की शेजारचे लोक धक्का मारायला आले. मग लक्षात आले. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्यांच्या पायाखालीही क्लच असतो. मी गाडी चालवत होते असे मला वाटत होते. माझ्या चुका ते आपल्या पायाने गुपचूप पुसत होते. त्यानंतर मी पहिलीपासून सुरुवात केली. गोदामामागच्या सपाट मोकळ्या जागेत, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हलवायची आणि थांबवायची. सकाळभर तेवढेच. डावी पोटरी दगड होते, पण ती जागा पायाला पाठ होते.

दुसरा मुद्दा, गाडी काढून घेतल्याचा. ह्यांनी तुम्हांला फोनवर सांगितले ना, चालवायचा कंटाळा आला म्हणून? मग तेच धरून चाला. मला अधिक विचारू नका, मी सांगणार नाही.

आणि तिसरा मुद्दा. दर महिन्याला आम्हांला एका ठिकाणी जावे लागते. रस्ता चढाचा आहे आणि तिथे बस जात नाही. गाडी देता येणार नाही. चिरंजीव आले तर जेवूनच जातील, पण जातील ते बसने.

तुमची भावजय

* * *

दि. १९ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार. साष्टांग या वेळी नाही. पाठ ताठ ठेवून लिहायचे आहे.

चिरंजीवांनी घरी येऊन सांगितले असेल की मामीने मामांचा चारचौघांत अपमान केला. तुमच्या पत्रात तो शब्द तुम्ही दोनदा अधोरेखित केला आहे. त्यांनी जे पाहिले ते खरे सांगितले. जे त्यांना दिसले नाही, ते मी सांगते.

रविवारी ते आले. जेवले, गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारून पाहिली. मी नाही म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही, हसून मामांकडे वळले आणि म्हणाले, "मामा, मामीच्या राज्यात किती दिवस शेजारी बसणार? चला, आज तुम्हीच एक चक्कर मारून आणा मला." आणि किल्ली ह्यांच्या हातात ठेवली.

हे हसले. उत्तर येत नसलेला मुलगा फळ्यासमोर उभा राहून हसतो ना, तसे. मला वाटले, नको म्हणतील. पण भाच्यासमोर नको म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते, आणि मी अडवायचे तर मलाही. हे बसले, गाडी चालू केली, आणि वन्सं, ती कशी निघाली म्हणून सांगू! उगाच गुरगुर नाही, थरथर नाही. मी फाटकाच्या कोपऱ्यावर उभी राहून क्षणभर ते पाहतच राहिले. पायाला विस्मरण नसते.

फाटकाबाहेर डावीकडे वळायचे होते. डावीकडे, भिंतीला लागून, शेजारच्या आजी खुर्ची टाकून उन्हाला बसल्या होत्या. ह्यांनी तिकडे मान जराशी वळवली, आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवले. शेजारी बसलेल्या चिरंजीवांचे डोके मोबाइलमध्ये होते. मी धावले आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटले. गाडी थांबली. आवाज ऐकून शेजारपाजारचे बाहेर आले.

"काय झालं?" ह्यांनी विचारले.

"उतरा. तुम्हांला डावीकडचं दिसत नाही."

  हे अगदी हळू म्हणाले, "कोण आहे तिकडे?"

"शेजारच्या आजी आहेत."

ह्यांनी इंजिन बंद केले आणि उतरून घरात गेले. मोबाइलमधून मान वर केल्यावर चिरंजीवांना आजी स्वच्छ दिसत होत्या; त्यामुळे मामांनाही दिसत असणार असे त्यांनी धरले आणि माझ्या बोलण्याला अपमान म्हटले. त्यांचा दोष नाही. तुमच्या भावाला काचबिंदू आहे. हा रोग दबक्या पावलांनी येतो. नजर कडांकडून मिटत जाते आणि मधली शाबूत राहते, म्हणून माणूस वर्तमानपत्र वाचतो, सुईत दोराही ओवतो, आणि कोणाला शंकाही येत नाही. डावीकडची बाजू जवळजवळ गेली आहे. गेलेली परत येत नाही, असे डॉक्टर म्हणतात, उरलेली राखायची. दर महिन्याला आम्ही जातो ते डोळ्यांच्या दवाखान्यात.

हे कोणाला सांगायचे नाही, ताईला तर मुळीच नाही, असे ह्यांनी माझ्याकडून वचन घेतले होते. आई गेल्यावर तुम्ही ह्यांना वाढवलेत. तुमच्यासमोर ह्यांना धडधाकट उभे राहायचे आहे. ते वचन मी भर रस्त्यात मोडले. त्याची मला खंत नाही. उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा मोडीन, आणि याहून मोठ्याने.

तुम्ही माझ्यावर गाडी हिसकावल्याचा आळ घेता. तर ही सफाईदार चालवण्याची विद्या मला कोणी दिली तेही ऐका. शेजारी बसल्यावर ह्यांचा डावा पाय स्वस्थ बसत नसे. गिअर बदलायची वेळ आली, की माझ्याआधी ह्यांचा बूट रबरी चटईवर दाबला जाई आणि बारीकसा कर्र आवाज होई. शाळेतल्या मास्तरांच्या पायाखाली क्लच होता. ह्यांच्या पायाखाली काहीच नव्हते. तरी मी त्या आवाजावरून शिकले. इंजिन कुठे दमते, कुठे मोकळे होते, हे ह्यांचे कान ओळखत आणि पाय बोलून दाखवी. समोरच्या रस्त्यावर डोळे ठेवून मी त्या आवाजामागोमाग क्लच दाबत असे. तोंडाने ह्यांनी मला एक अक्षर शिकवले नाही. शिकवले असते तर आता आपण चालवणार नाही, हे कबूल केल्यासारखे झाले असते.

रविवारनंतर हे माझ्याशी बोलत नव्हते. ताट वाढले की जेवत, औषधाचे थेंब स्वतःच घालत, निम्मे गालावर. दवाखान्याच्या दिवशी मी गाडी काढली, तर मुकाट्याने येऊन बसले. शेवटच्या चढावर वाहनांची रांग लागली होती. चढावर थांबलेली गाडी पुढे काढणे ही या शास्त्रातली शेवटची परीक्षा, कारण पृथ्वी तुम्हांला मागे ओढत असते आणि मागे ट्रक उभा असतो. मी हँडब्रेक ओढून ठेवला, क्लच त्या जागेवर आणला, नाक उचलल्याचे जाणवले, थोडे पेट्रोल दिले आणि ब्रेक सोडला. गाडी एक बोटभरही मागे गेली नाही. चटईचा आवाज आला नाही. मला वाटले, राग अजून धुमसतो आहे.

चढ संपल्यावर हे म्हणाले, "दुसरा गिअर जरा आधी टाकलास तरी चालेल."

मी म्हटले, "मग आधीच सांगायचं."

"विचारलंस कधी?"

मग दवाखान्याच्या दारापर्यंत आम्ही दुसऱ्या गिअरवरून भांडलो. मला फार बरे वाटले.

तर वन्सं, गाडी मिळणार नाही. चिरंजीवांना नवी घेऊ द्या, जुनी घेऊ द्या, तो आमचा विषय नाही. तुम्हांला रडू येईल हे मला ठाऊक आहे. रडा, पण ह्यांच्यासमोर नको. फोनवर 'अरे बाळा, कसं रे होणार तुझं' असा सूर लावलात तर मी फोन काढून घेईन, आणि तो अपमान खुशाल तीनदा अधोरेखित करा.

हे पत्र मी ह्यांना वाचायला दिले. काचबिंदूच्या मजकुरावर हे बराच वेळ थांबले. मला वाटले, खोडतील. नाही खोडले. पेन मागितले आणि म्हणाले, खाली मीही सही करतो. मी पेन दिले नाही. हे भांडण माझे आहे, तेव्हा सही माझ्या एकटीचीच.

तुमच्या भावाला घेऊन जाणारी आणि सुखरूप परत आणणारी,

भावजय